पाण्यातला संशोधक – डॉक काउन्सिलमन

बर्नुलीचं तत्त्व आपण सगळ्यांनी परीक्षेपुरतं पाठ केलंय. जेम्स 'डॉक' काउन्सिलमन यांनी ते पोहणाऱ्याच्या तळहाताला लावून पाहिलं, म्हणून हा माणूस मला फार आवडतो.

त्यांचा जन्म १९२० साली अमेरिकेतल्या अलाबामात झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बॉम्बर विमान चालवलं. पुढे डॉक्टरेट मिळवून ते इंडियाना युनिव्हर्सिटीत कोच झाले. तिथे त्यांनी पाण्याखाली चित्रीकरण केलं. फिल्ममध्ये दिसलं, की उत्तम जलतरणपटू हात सरळ मागे ओढतच नाहीत, वळणं घेत ओढतात! म्हणजे हात विमानाच्या पंखासारखा काम करतो, असं डॉकनी १९७१ मध्ये मांडलं. नंतरच्या संशोधकांनी लिफ्टपेक्षा ड्रॅगला जास्त महत्त्व दिलं. म्हणजे डॉकचं उत्तर अपुरं ठरलं. पण पोहण्याचा शास्त्रीय अभ्यास करायची वाट रुळली, ती त्यांच्यासारख्यांमुळेच.

१९७२ मध्ये म्युनिकला ७ सुवर्णपदकं जिंकणारा मार्क स्पिट्झ त्यांचाच विद्यार्थी. १९६४ आणि १९७६ मध्ये ते अमेरिकेच्या पुरुष ऑलिंपिक संघाचे कोच होते. माँट्रियलला, १९७६ मध्ये, त्या संघाने १३ पैकी १२ सुवर्णपदकं पटकावली.

१९७९ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, ते स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेले. तोवर एवढ्या वयाच्या कुणालाच ते जमलं नव्हतं. पुढे पार्किन्सनने त्यांना गाठलं आणि २००४ मध्ये ते गेले.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही म्हणतात. मित्रांनो, पाण्यात पडल्याशिवाय शिकवताही येत नाही, हे डॉकनी दाखवलं.