जखमींसाठी आकाशवाट शोधणारी परिचारिका

जखमी माणूस वेळेत इस्पितळात पोहोचला तर त्याचे प्राण वाचू शकतात, हे आपण सारे जाणतो. याच विचारापायी आयुष्य वेचणाऱ्या मारी मार्व्हाँ यांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

मारी यांचा जन्म २० फेब्रुवारी १८७५ रोजी फ्रान्समधील ओरियाक येथे झाला. त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९१० साली विमान चालवण्याचा परवानाही मिळवला. त्याच सुमारास त्यांनी जखमींना नेणाऱ्या विमानाची कल्पना मांडली. तेव्हाची विमाने लाकूड-कापडाची, त्यामुळे ही कल्पना फारसे कोणी मनावर घेईना. तरीही पैसा उभा करून त्यांनी १९१२ साली असे विमान बनवायला दिले. पण कारखान्याचा मालक अफरातफरीत पकडला गेला, कारखाना बुडाला आणि विमान झालेच नाही.

पहिल्या महायुद्धात मारी यांनी जखमींची शुश्रूषा केली. १९१५ साली त्यांनी विमानातून शत्रूच्या तळावर बॉम्बही टाकले. युद्धानंतर मात्र विमानाने माणसे वाचवावीत, हे सांगत त्या देशोदेशी फिरल्या. मोरोक्कोत हवाई रुग्णसेवा उभी करण्यात त्यांचा वाटा होता. १९३५ साली फ्रान्समध्ये हवाई परिचारिकेचे पहिले प्रमाणपत्र त्यांना मिळाले. तेव्हा त्या साठ वर्षांच्या होत्या!

१४ डिसेंबर १९६३ रोजी नान्सीजवळ, गरिबीत, त्यांचे निधन झाले. आज अत्यवस्थ जवानाला श्वासयंत्रासह विमानातून नेले जाते आणि परिचारिका त्याच्या उशाशी असते.

आपल्या धर्मग्रामातील परिचारिका भगिनींना ही जीवनकथा आम्ही प्रेमाने अर्पण करतो.