क्षमा म्हणजे शरणागती नव्हे

धाटावच्या धम्मबंधूंनो व भगिनींनो, महाड आपल्याच जिल्ह्यातले. तेथे २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यांच्यामागून हजारो प्याले. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि सनातन्यांनी आपल्या बेसावध लोकांची डोकी फोडली.

आपली माणसे चवताळली होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. गुंडांवर खटले झाले, शिक्षाही झाल्या. डिसेंबरात पुन्हा हजारो लोक तळ्यावर जायला सिद्ध होते. पण कोर्टाची मनाई होती, म्हणून त्यांनी सत्याग्रह तहकूब केला. दावा मात्र सोडला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला.

वाचकहो, यालाच धम्मातील मैत्री म्हणावे. माणसाचा सूड घ्यायचा नाही आणि आपला हक्क सोडायचा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी आपल्याला प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा दिली. शेजाऱ्याशी, भावकीशी अबोला धरताना ती आपल्याला आठवते काय? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

जय भीम!