विझत्या ताऱ्यांचा भाष्यकार

आज १९ ऑक्टोबर. १९१० साली याच दिवशी लाहोर येथे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचा जन्म झाला. १९९५ साली शिकागो येथे निवर्तलेल्या या थोर ज्योतिर्विदाचे स्मरण करताना त्यांच्या नोबेल पारितोषिकाहून त्यांच्या धीराचे मोल आम्हांस अधिक वाटते.

वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात अधिकारी. चुलते सर चंद्रशेखर वेंकट रामन. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील शिक्षण संपवून ३१ जुलै १९३० रोजी ते आमच्या याच मुंबई बंदरातून विलायतेस निघाले. वय अवघे एकोणीस. घरी आई आजारी. पुढल्याच वर्षी ती निवर्तली. मायलेकरांची पुन्हा भेट झाली नाही. त्या जलप्रवासात त्यांनी मरणोन्मुख ताऱ्यांचे गणित मांडले. इंधन संपलेला तारा आकसून ‘श्वेत बटू’ होतो, हे तेव्हा ठाऊक होते. परंतु एका ठराविक वस्तुमानापलीकडे ही अवस्था टिकू शकत नाही, हे या तरुणाने दाखविले. ती मर्यादा पुढे सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरली.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी हा सिद्धांत मांडला. लगोलग सर आर्थर एडिंग्टन उठले आणि त्यांनी भर सभेत त्याची खिल्ली उडविली. एडिंग्टन म्हणजे त्या शास्त्रातील भीष्माचार्य, सभा हसली. जाणत्यांनी खाजगीत पाठ थोपटली, उघडपणे मात्र मौन पाळले. चंद्रशेखरांनी वैर धरले नाही. १९३७ साली ते शिकागो विद्यापीठात गेले, १९३९ साली ताऱ्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहून ते दुसऱ्या विषयाकडे वळले. १९४४ साली एडिंग्टन वारले, तेव्हा त्यांचा गौरव करणाऱ्यांत चंद्रशेखर होते. नोबेल पारितोषिक आले ते १९८३ साली!

त्याच श्वेत बटूंच्या प्रकाशात आज ग्रहमालांचा अंत वाचला जात आहे. मरताना तारा फुगतो, जवळचे ग्रह गिळतो आणि आपले बरेचसे द्रव्य अवकाशात उधळतो. त्याची पकड सैल होताच दूरच्या ग्रहांच्या कक्षा रुंदावतात, कधी त्यांची घडी विस्कटते, आणि ग्रह एकमेकांजवळून जाताना त्यांचे चंद्र निसटतात. असा पोरका चंद्र मृत ताऱ्याच्या फार जवळ गेला, तर गुरुत्वाकर्षणाच्या ताणाने फुटतो व त्याची धूळ ताऱ्यावर पडते. २०२१ साली दोन श्वेत बटूंवर बेरिलियम प्रमाणाबाहेर आढळले. महाकाय ग्रहांभोवती फिरणाऱ्या बर्फाळ चंद्रांची ती राख असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. आपला सूर्यही त्या मर्यादेच्या आतला. सुमारे ५०० कोटी वर्षांनी तोही याच वाटेने जाईल. गुरू-शनीचे चंद्र तेव्हा कोठे असतील, कोण सांगावे?

ज्याच्या नावातच चंद्र, त्याने प्रकाशित केलेल्या वाटेवर चंद्रांची राख सापडावी, हा योगायोग सुंदर खरा. पण आम्हांस त्या दिवशीचे हसू अस्वस्थ करते. आमच्या शाळांतून, सभांतून एखादे पोर जगावेगळे काही मांडू लागले, तर वडीलधाऱ्यांनी हसण्यापूर्वी त्याचे गणित तपासावे. आणि जाणत्यांनी मौन सोडावे. सारेच चंद्रशेखरांइतके धीराचे नसतात.