श्रमयोगी विनोबा

काम लवकर उरकणे आणि काम मन ओतून करणे, या दोन गोष्टी नेहमी एकच असतात असे नाही. हा भेद आचार्य विनोबा भावे यांना बालवयातच स्वतःच्या घरी कळला, आणि त्याच्याच प्रकाशात त्यांचे पुढील आयुष्य घडत गेले.

११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे त्यांचा जन्म झाला. पाळण्यातील नाव विनायक. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीला होते. ते रंगांच्या शास्त्राचे जाणकार व आधुनिक विचाराचे होते. माता रुक्मिणीबाई भाविक होत्या. त्यांनी एकदा देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचे व्रत घेतले. नित्य त्या एकेक दाणा मोजून वाहत. नरहरपंतांनी सोपी युक्ती सुचविली : एक तोळा तांदूळ मोजावेत, त्यावरून लक्ष दाण्यांचे वजन काढावे आणि कमी पडू नयेत म्हणून थोडे अधिक घालावेत. हिशेब बिनचूक होता. रुक्मिणीबाईंना उत्तर सुचेना. त्यांनी पुत्राला विचारले. तो म्हणाला की हा गणिताचा प्रश्नच नव्हे. प्रत्येक दाण्याबरोबर भगवंताचे स्मरण घडते, ते वजनाच्या काट्याने कसे घडणार? मातेचे समाधान झाले.

सन १९१६ मध्ये परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेतच गाडी सोडून काशीस गेले, आणि त्याच वर्षी ७ जून रोजी कोचरबच्या आश्रमात महात्मा गांधींना भेटले. तेथे दळणे, स्वयंपाक, सफाई ही कामे त्यांनी अध्ययनाइतकीच पवित्र मानली. पुढे वाईस शास्त्राध्ययनासाठी गेले असता विद्यार्थ्यांसह जात्यावर लोकांचे दळण दळून मिळालेल्या पैशांतून त्यांनी वाचनालयासाठी पुस्तके घेतली. ज्ञानाला घामाचे मोल द्यावे, असा तो धडा होता.

वर्ध्याजवळील नालवाडीस राहत असताना त्यांनी एक कठीण प्रयोग आरंभिला. टकळी हे सूत काढण्याचे सर्वांत साधे साधन; तिला ना यंत्र लागते, ना भांडवल. रोज आठ तास कातावे आणि त्या मजुरीत जेवढे मिळेल तेवढ्यातच उदरनिर्वाह करावा, असे त्यांनी ठरविले. महिनोन्‌महिने तसे केल्यावर एक सत्य उघडे पडले : कुशल मनुष्य दिवसभर कातूनही त्या मजुरीवर पोटभर जेवू शकत नव्हता. खादी नेसणाऱ्यांपैकी कितीजणांना कातणारणीच्या भुकेची कल्पना होती? साधे साधन हाती घेतल्यामुळेच विनोबांना ते दुःख ऐकीव राहिले नाही. शरीर मात्र अत्यंत क्षीण झाले, आणि १९३८ मध्ये ते धाम नदीकाठी पवनारच्या टेकडीवर राहावयास गेले. तेथे मोकळ्या हवेत रोज थोडी थोडी जमीन खणता खणता प्रकृती सुधारली.

त्याच पवनारास १९५० च्या आरंभी त्यांनी कांचनमुक्तीचा संकल्प केला. आश्रमाने पैशावर विसंबू नये. अन्न, भाजी व वस्त्र स्वश्रमाने मिळवावे. शेती बैलांवाचून, हातांनी करावयाची. विहिरीचे रहाटही आश्रमवासी स्वतः मिळून फिरवीत, आणि फिरविताना गीताई म्हणत. मातेला संस्कृत गीता कळत नसे, म्हणून तिच्या आठवणीने विनोबांनी १९३०-३१ मध्ये रचलेली ती मराठी गीता आता पाण्याबरोबर मळ्यात वाहू लागली. लक्ष तांदळांचे व्रत असे रहाटापर्यंत आले.

७ मार्च १९५१ रोजी ते हैद्राबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनास निघाले. आगगाडी असूनही त्यांनी पायवाट पत्करली. परतीच्या पदयात्रेत १८ एप्रिल रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी हरिजनांनी ऐंशी एकर जमिनीची गरज सांगितली. विनोबांनी गावकऱ्यांस विचारले, आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदान तेथे जन्मले. आगगाडीने जाणाऱ्याला पोचमपल्ली हे स्थानकही नव्हते; पायी चालणाऱ्याला ते तीर्थ ठरले. त्याच वर्षी पंतप्रधान पंडित नेहरूंनी नियोजन मंडळाशी विचारविनिमयासाठी दिल्लीस बोलाविले, तेव्हाही ते सुमारे दोन महिने चालतच गेले. पुढे १९६४ पर्यंत तेरा वर्षे ही पदयात्रा चालू राहिली.

तथापि विनोबा विज्ञानाचे वैरी नव्हते. विज्ञान आणि अध्यात्म यांचा संयोग झाला पाहिजे, असे ते आग्रहाने सांगत. १९६५ मध्ये बिहारातील तूफान यात्रेत, वृद्धावस्थेत, त्यांनी मोटारीचाही उपयोग केला. त्यांचा प्रश्न एवढाच असे की साधनाने वेळ वाचला, पण त्याबरोबर मनुष्याशी वा ईश्वराशी असलेले नाते तर सुटले नाही ना?

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्न व औषध सोडल्यानंतर, पवनार येथेच त्यांनी देह ठेवला.

घरोघरी रहाट वा टकळी आणणे प्रत्येक गृहस्थाला शक्य नाही, आणि तसा आग्रहही नको. परंतु दिवसातील एखादे काम, मग ते देवापुढील फुले वेचणे असो, अंगण झाडणे असो वा घरच्यांसाठी चार पोळ्या लाटणे असो, घाई न करता, स्वतःच्या हातांनी आणि भगवंताच्या स्मरणासह करावे. रुक्मिणीबाईंच्या त्या तांदळांतील एक दाणा तरी मग आपल्याही हातून वाहिला जाईल.