मुक्या घड्याळांना बोलते करणारा रूपर्ट गूल्ड

लंडनजवळच्या ग्रिनिच येथील जुन्या वेधशाळेत जगभरातून येणारे प्रवासी ज्या दालनात हमखास रेंगाळतात, तेथे जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकात बनविलेली सागरी घड्याळे मांडलेली आहेत. त्यांतील पहिली तीन आकाराने प्रचंड असून त्यांचे पितळी भाग आजही संथपणे हेलकावत असतात. चौथे मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे दिसते. झीज होऊ नये म्हणून ते मुद्दाम बंद ठेवलेले असते. हॅरिसन यांचे नाव आता पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु ही घड्याळे शंभराहून अधिक वर्षे धूळ खात पडली होती आणि एका हौशी, स्वयंशिक्षित नौदल अधिकाऱ्याने आपल्या आयुष्याची बारा-तेरा वर्षे वेचून ती पुन्हा चालती केली, ही हकीकत तुलनेने कमी जणांना माहीत असते. त्या अधिकाऱ्याचे नाव रूपर्ट टॉमस गूल्ड.

या घड्याळांचे मोल कळण्यासाठी रेखांशाचा प्रश्न समजून घ्यावा लागतो. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा कोलकात्यात तो माथ्यावरून ढळून एक तास उलटलेला असतो, कारण या दोन शहरांच्या रेखांशांत सुमारे साडेपंधरा अंशांचे अंतर आहे. म्हणजेच निघालेल्या बंदराची अचूक वेळ जहाजावर जपून ठेवता आली, तर स्थानिक माध्यान्हाशी तिची तुलना करून आपण पूर्व-पश्चिम नेमके कोठे आहोत हे दर्यावर्द्याला सांगता येते. अडचण एवढीच होती, की हेलकावणाऱ्या जहाजावर, बदलत्या हवामानात लंबकाचे घड्याळ टिकत नसे. १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून हा प्रश्न सोडविणाऱ्यास वीस हजार पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले. यॉर्कशायरमध्ये १६९३ साली जन्मलेल्या हॅरिसन या सुताराच्या मुलाने त्यासाठी अवघे आयुष्य खर्ची घातले. १७३५ मध्ये पहिले घड्याळ तयार झाले. दुसरे त्यामागोमाग आले. तिसऱ्यावर एकोणीस वर्षे गेली. १७५९ मध्ये पूर्ण झालेल्या चौथ्या, लहान घड्याळाने अखेर बाजी मारली. जमैकाच्या सफरीत ८१ दिवसांत ते केवळ पाच सेकंद मागे पडले.

तरीही बक्षिसासाठी हॅरिसन यांना रेखांश मंडळाशी दीर्घकाळ झगडावे लागले. १७६६ मध्ये मंडळाच्या हुकमाने राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांनी त्यांच्या घरातून मोठी घड्याळे ताब्यात घेतली. उचलताना पहिले घड्याळ खाली पडले. बाकीची स्प्रिंगा नसलेल्या गाड्यावरून, लंडनच्या दगडी रस्त्यांचे हादरे खात ग्रिनिचला पोचली. पहिले घड्याळ १७ जून १७६७ रोजी थांबले, ते थांबलेच. १८३० नंतरच्या दशकात आर्नल्ड अँड डेंट या लंडनच्या नामांकित पेढीने या यंत्रांची साफसफाई केली खरी. परंतु त्यानंतर त्यांची पुन्हा हेळसांड झाली. दमट हवेने आपले काम चालू ठेवले. सुटे झालेले भाग एकेक करून नाहीसे होत गेले.

गूल्ड यांचा जन्म १६ नोव्हेंबर १८९० रोजी पोर्टस्मथजवळील साउथसी येथे झाला. कोवळ्या वयात ते नौदलात दाखल झाले. नौकानयनशास्त्रात त्यांना विशेष गती होती. चीनमधील यांगत्से नदीवर आणि भूमध्य समुद्रात त्यांनी सेवा केली. सव्वासहा फुटांच्या वर उंची, अफाट स्मरणशक्ती आणि कुठल्याही विषयाच्या तळाशी जाण्याची ओढ या गुणांमुळे त्यांच्यापुढे उज्ज्वल कारकीर्द दिसत होती. पण १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्याच सुमारास त्यांचे मानसिक संतुलन ढळले. समुद्रावरची सेवा संपली. बरे झाल्यावर त्यांना नौदलाच्या जलालेखन विभागात टेबलावरचे काम मिळाले. १९१७ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढे दोन मुलगे झाले. सागरी घड्याळांचा इतिहास हा त्यांच्या फावल्या वेळेचा विषय बनला.

त्या अभ्यासाच्या ओघात १९२० मध्ये ते ग्रिनिचला गेले. ज्या यंत्रांनी नौकानयनाचा इतिहास बदलला, ती त्यांना कळंकलेल्या, हिरव्या-काळ्या पितळेच्या ढिगाऱ्यासारखी दिसली. गूल्ड यांनी तेव्हाचे राजज्योतिषी सर फ्रँक डायसन यांच्याकडे ती साफ करण्याची परवानगी मागितली. घड्याळजीचे शिक्षण नाही, हाताशी कारागीर नाही आणि मोबदल्याची अपेक्षाही नाही, अशा माणसाच्या हाती राष्ट्राचा ठेवा सोपवणे हे धाडसच होते. डायसन यांनी ते केले.

सुरुवात पहिल्या घड्याळापासून झाली. सुमारे चौतीस किलो वजनाच्या त्या यंत्रावरून टोपी झाडण्याच्या साध्या ब्रशाने गूल्ड यांनी दोन औंस, म्हणजे पन्नास ग्रॅमहून अधिक कळंक आणि धूळ काढली. त्यामुळे यंत्राचे रूप पालटले. पण ते चालू होणे शक्य नव्हते. वरवरची सफाई आणि खरी दुरुस्ती यांतला फरक तेथेच स्पष्ट झाला. पहिले घड्याळ त्यांनी बाजूला ठेवले आणि इतरांकडे वळले. चौथ्या घड्याळाचे नुसते काटे कसे काढायचे, ही युक्ती उमगायलाच तीन दिवस लागले. ते डाख लावून जोडले असावेत, अशी शंकाही त्यांना मधूनमधून येत असे. जोर लावला असता तर काटे निघालेही असते, पण मग ते कायमचे बिघडले असते. हॅरिसन यांनी प्रत्येक भाग कोणत्या विचाराने बसविला आहे हे समजल्याखेरीज त्याला हात लावायचा नाही, ही शिस्त गूल्ड यांनी स्वतःला घालून घेतली. जे जे उघडले त्याचे वर्णन आणि रंगीत शाईतील आकृत्या वहीत उतरत गेल्या. अशा अठरा वह्या भरल्या. हॅरिसन यांचे लेखन वाचकाला दमविणारे आहे. त्यांच्या यंत्रांचे इतके स्वच्छ विवरण त्याआधी कोणी केलेले नव्हते.

१९२३ मध्ये गूल्ड यांचा सागरी घड्याळांवरील इतिहासग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो या विषयाचा आधारग्रंथ ठरला. हॅरिसन यांच्या घड्याळांना एच-१, एच-२ अशी जी नावे आज सर्वत्र वापरली जातात, ती गूल्ड यांचीच देणगी. त्यानंतर दुसरे घड्याळ चालू झाले. तिसऱ्याने मात्र त्यांची कसोटी पाहिली. त्यात ७५३ भाग आहेत. तापमानाचा परिणाम रोखणारी दोन धातूंची जोडपट्टी आणि पिंजऱ्यात बसविलेल्या रुळांचे बेअरिंग हे हॅरिसन यांचे दोन मोठे शोध याच यंत्रात आहेत. त्यातला एक भाग जुळवावा, तर दुसऱ्याचा तोल बिघडे. या एका घड्याळाने गूल्ड यांची सुमारे सात वर्षे घेतली.

त्या सात वर्षांत त्यांचे घर मोडले. घड्याळांचे वेड, आजारपण आणि बेबनाव यांतून १९२७ मध्ये प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि पती-पत्नी कायदेशीररीत्या विभक्त झाले. खटल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत छापून आल्या. गूल्ड यांचे घर गेले, मुलांचा ताबा गेला, जलालेखन विभागातली नोकरीही गेली. मानसिक आजाराने त्यांना पुन्हा गाठले होते. ते आईच्या आश्रयाने राहू लागले. उपजीविकेसाठी लेखन करावे लागले. तरीही घड्याळांचे काम त्यांनी सोडले नाही आणि त्यासाठी मोबदलाही घेतला नाही. बायको-मुलांना मोजावी लागलेली किंमत लक्षात घेतली, तर या चिकाटीचे निव्वळ कौतुक करणे अवघड जाते. पण या काळात त्यांना सावरून धरणारे नियमित काम तेच होते, हेही तितकेच खरे.

१९३१ मध्ये तिसरे घड्याळ मार्गी लागले आणि गूल्ड अकरा वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेल्या पहिल्याकडे परतले. आता ते पूर्ण उघडले गेले तेव्हा हानीचा खरा अंदाज आला. मुख्य स्प्रिंगा नव्हत्या, त्यांचे डबे नव्हते, साखळ्या नव्हत्या, किल्ली देण्याची यंत्रणा नव्हती. नाकतोड्याच्या पायांसारखी हालचाल करणारी, चक्रांना एकेक दात पुढे जाऊ देणारी यंत्रणाही गायब होती. घर्षण कमी करणाऱ्या चोवीस चाकांपैकी पाच हरवलेली होती. तापमानाची भरपाई करणाऱ्या सळ्यांच्या रचनेतील कित्येक भाग नव्हते, होते ते बहुतेक सदोष होते. सेकंदकाटा नव्हता, तासकाट्याला तडा गेलेला होता. खिळे, स्क्रू यांसारख्या बारीक वस्तूंची तर वानवाच होती.

येथे हॅरिसन यांची रचनाच मदतीला आली. हे यंत्र बरेचसे सममित आहे. एका बाजूला जे आहे त्याचे प्रतिबिंब दुसऱ्या बाजूला असते. डावीकडचा भाग हरवला असेल, तर उजवीकडच्या भागावरून तो पुन्हा घडविता येतो. जेथे दोन्ही बाजू रित्या होत्या, तेथे याच कुळातील पुढच्या घड्याळांवर केलेल्या कामाचा अनुभव उपयोगी पडला. उलट क्रमाने, म्हणजे सर्वांत मोडके यंत्र सर्वांत शेवटी घेण्याचा फायदा आता दिसून आला. १ फेब्रुवारी १९३३ रोजी, बाहेर वादळी वारा आणि पाऊस चालू असताना, शेवटचे जुळणीचे काम संपले आणि एच-१ चे दांडे हलू लागले. एकशे पासष्ट वर्षांहून अधिक काळानंतर ते घड्याळ प्रथमच चालत होते.

गूल्ड यांच्या बुद्धीला एक विषय पुरत नसे. जुन्या टंकलेखन यंत्रांचा त्यांनी संग्रह केला आणि त्यांचा इतिहास लिहिला. समुद्रसर्पाच्या दंतकथांची छाननी करणारे पुस्तक त्यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केले. १९३३ मध्ये स्कॉटलंडमधील लॉख नेस सरोवराभोवती मोटरसायकलने हिंडून त्यांनी तेथील कथित प्राण्याविषयी प्रत्यक्षदर्शींच्या मुलाखती घेतल्या आणि पुढच्याच वर्षी त्यावर ग्रंथ लिहिला. विम्बल्डनच्या मध्यवर्ती कोर्टावर त्यांनी पंचाचे काम केले. बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमात ते ‘स्टारगेझर’ या नावाने बोलत. श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या ‘ब्रेन्स ट्रस्ट’ या लोकप्रिय कार्यक्रमातही त्यांचा सहभाग होता. ब्रिटिश होरोलॉजिकल इन्स्टिट्यूटने १९४७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. पुढच्याच वर्षी, ५ ऑक्टोबर १९४८ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचा थोरला मुलगा सेसिल पुढे कलाइतिहासकार म्हणून नावारूपाला आला.

१९९५ मध्ये डाव्हा सोबेल यांच्या ‘लाँजिट्यूड’ या पुस्तकाने आणि त्यावर आधारित २००० सालच्या दूरचित्रपटाने गूल्ड यांचे नाव पुन्हा लोकांपुढे आले. त्यात जेरेमी आयर्न्स यांनी त्यांची भूमिका केली. ग्रिनिचचे घड्याळतज्ज्ञ जोनाथन बेट्स यांनी २००६ मध्ये त्यांचे सविस्तर चरित्र लिहिले. आजचा जतनतज्ज्ञ अशा यंत्राला गूल्ड यांच्याइतक्या मोकळेपणाने हात लावणार नाही. मूळ भाग तसाच राखण्याकडे आता अधिक कल असतो. नव्याने बसविलेला प्रत्येक भाग हा हॅरिसन यांच्या मनात काय असावे याविषयी गूल्ड यांनी केलेला एक तर्क आहे, हे विसरून चालत नाही. परंतु तो तर्क कशाच्या आधारावर केला हे त्यांनी वहीत लिहून ठेवले. त्यामुळे नंतर आलेल्यांना जुने कोणते आणि नवे कोणते हे पडताळून पाहता आले. या घड्याळांच्या बाबतीत त्यांच्याआधी कोणी एवढी सोय ठेवली नव्हती.