वादळाची वर्दी देणारा माणूस

भूगोलात आपण ‘सायक्लोन’ हा शब्द वाचतो. हा शब्द ज्यांनी तयार केला त्या हेन्री पिडिंग्टन यांची गोष्ट मी आज सांगणार आहे.

पिडिंग्टन यांचा जन्म १७९७ साली इंग्लंडमध्ये झाला. तरुणपणी ते जहाजावर कप्तान होते. पुढे ते कलकत्त्याला येऊन राहिले. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या ते गोळा करायचे आणि कुठे कोणत्या दिशेचा वारा होता ते नकाशावर मांडायचे. वादळाचा वारा गोल फिरतो हे काही अभ्यासकांनी ओळखलं होतं. पिडिंग्टन यांनी आपल्याकडच्या वादळांवरून ते पक्कं केलं. वेटोळं घातलेल्या सापासारखा वारा, म्हणून ‘सायक्लोन’.

१८४८ साली त्यांनी खलाशांसाठी पुस्तक लिहिलं. सोबत शिंगाच्या दोन पारदर्शक चकत्या दिल्या. त्यांवर वाऱ्याचे बाण होते. चकती नकाशावर ठेवली की वादळाचा मध्य कुठे आहे ते कप्तानाला समजे व तो जहाज दूर नेई.

तेव्हा सरकारच्या मनात मातला नदीवर नवं बंदर बांधायचं होतं. वादळाबरोबर समुद्राची लाट आत शिरते आणि सगळं बुडवते, हे पिडिंग्टन यांना ठाऊक होतं. १८५३ साली त्यांनी गव्हर्नर जनरल डलहौसी यांना पत्र लिहून सावध केलं. पण कुणी ऐकलं नाही. १८५८ साली ते वारले. पुढे तिथे कॅनिंग बंदर उभं राहिलं. १८६७ च्या नोव्हेंबरात वादळ झालं, सुमारे ६ फूट उंच लाट आली आणि बंदराची नासाडी झाली. काही वर्षांत ते सोडून द्यावं लागलं.

ही गोष्ट वाचताना मला आमचंच घर आठवलं. आमचं गाव बदलापूरजवळ, उल्हास नदीच्या काठी. २०१९ च्या जुलैत मी सहा वर्षांचा होतो. नदी वाढतेय, वर चला, असं गावात सांगत फिरले होते. आजोबा म्हणाले की २००५ एवढं पाणी काही पुन्हा येत नाही. रात्री पाणी ओट्यावर आलं, मग घरात. आम्ही माळ्यावर चढलो. दोन शेळ्या दाव्याला बांधलेल्याच राहिल्या. त्याच पुरात बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. माणसांना बोटींनी बाहेर काढलं. आमच्या शेळ्या मात्र गेल्या.

भारताचं हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. आता इशारा मोबाइलवर येतो. पावसाळ्यात पिवळा, नारिंगी की लाल, ते मी रोज शाळेच्या फळ्यावर लिहितो. लाल असला की आजोबा स्वतःच आधी शेळ्यांची दावी सोडतात.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी