सुभेदार रामजींना न दिसलेला पदवीदान समारंभ

दीक्षान्त समारंभाच्या दिवशी विद्यापीठाच्या आवारात आपली माणसे लांबूनही ओळखू येतात. इस्त्रीच्या साडीतली आई, नवा सदरा घातलेले वडील आणि मध्ये काळा गाऊन घातलेली लेक. घरातली ती पहिली पदवीधर असते. असा फोटो पाहिला की सुभेदार रामजी सकपाळ आठवतात.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडील मालोजी फौजेत होते, तेही फौजेत गेले. त्या काळी सैनिकांच्या मुलांना शाळा होती. गावच्या शाळेचे दार ज्यांना बंद होते, त्यांना पलटणीत अक्षर मिळाले. रामजी शिकले, शिक्षक झाले आणि लष्करी शाळेत १४ वर्षे मुख्याध्यापक राहिले. पुढे सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली. म्हणजे नोकरीबरोबर शिक्षणाची वाटही बुजली. त्या बंदीविरुद्ध अर्ज करणाऱ्यांत निवृत्त सुभेदार रामजी होते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमराव जन्मले. ते रामजी आणि भीमाबाईंचे चौदावे अपत्य. कुटुंब साताऱ्यात असताना भीमाई गेल्या, आणि अपंग असलेल्या मीराआत्याने घर सांभाळले. रामजी कबीरपंथी होते. घरात पहाटे भजने होत आणि संध्याकाळी मुलांचा अभ्यास. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतली.

मुंबईत परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत सगळा संसार होता. रात्री दोन वाजता रामजी भीमरावांना अभ्यासाला उठवत. पेन्शन तुटपुंजी होती, पण पुस्तक हवे म्हटले की ते विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून देत. दोन्ही मुलांचा खर्च झेपेना, तेव्हा आनंदरावांची शाळा सुटली आणि ते कामाला लागले.

ही बाजू आपण जयंतीच्या भाषणांत फार घेत नाही. बाबासाहेबांची बुद्धिमत्ता असामान्य होतीच. पण त्या पदवीत मंजुळा आणि तुळसा या बहिणींचे दागिने आहेत, भावाची सुटलेली शाळा आहे, मीराआत्याचे कष्ट आहेत. पहिल्या पिढीची पदवी एकट्याची कधीच नसते.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे पैशाअभावी कॉलेज थांबायची वेळ आली, तेव्हा सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ च्या परीक्षेत भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले.

त्यानंतर रामजींना फार दिवस मिळाले नाहीत. भीमराव नोकरीसाठी बडोद्याला गेले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. ते परतले, शेवटची भेट झाली, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. एम.ए., पीएच.डी., लंडनची डी.एस्सी., बॅरिस्टरी, यातले काहीच रामजींनी पाहिले नाही. ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने बाबासाहेबांना एलएल.डी. देऊन गौरवले, तेव्हा वडिलांना जाऊन ३९ वर्षे झाली होती.

आज वस्तीत काम करताना दिसते की शिष्यवृत्तीचा हप्ता रखडला की आधी आईचे मंगळसूत्र गहाण पडते आणि मग बहिणीचे शिक्षण थांबते. म्हणून शिष्यवृत्ती वेळेवर मिळवण्याची लढाई हीच रामजींना खरी आदरांजली आहे. पदवी हातात आली की गाऊन आईच्या किंवा बापाच्या खांद्यावर जरूर घाला. आणि घरात कोणाची शाळा आपल्यासाठी सुटली, हेही विचारा. तिला पुन्हा शाळेत बसवणे हे आपले पहिले काम.

जय भीम!